सक्कूबाईंचे ठिपके

सक्कूबाई मिस नारळाच्या झाडाखालून जाताना छत्री उघडत. ऊन नसो, पाऊस नसो, छत्री उघडायची, झाडाखालून भरभर निघायचं आणि पलीकडे पोचल्यावर मिटायची. तंजावुरात नारळांना काही तोटा नाही, त्यामुळे त्यांच्या घरापासून आमच्या ऑफिसापर्यंतच्या दहा मिनिटांच्या वाटेत ती छत्री पाच-सहा वेळा उघडमीट करी. मी एकदा म्हटलं, "मिस, वरून नारळ आलाच तर ही छत्री काय थांबवणार?" तर म्हणाल्या, "थांबवणार नाही गे. ठाऊक आहे मज. पण छत्री उघडली की वर पाहणं होतं."

मी हे पुण्यात बसून लिहिते आहे. माझा जन्म तंजावूरचा, राजवाड्यामागच्या गल्लीतला. घरात मराठी बोलायचो, पण ती वाचता कुणालाच येत नव्हती. देवनागरी मी लग्नानंतर शिकले, आणि तीही पोराच्या बालवाडीच्या पुस्तकातून. आमच्या मराठीत 'मला' नव्हतं, 'मज' होतं, आणि भीतीला आम्ही भयच म्हणायचो. 'मज भय वाटतं' हे वाक्य मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा सक्कूबाईंच्या तोंडून ऐकलं.

त्यांना कशाचं भय वाटत नसे ते सांगणं सोपं. गॅसचा नळ त्या तीन वेळा बंद करत, आणि घराबाहेर पडल्यावर चौथ्यांदा परत येऊन पाहत. तेव्हा गल्लीत नुकतीच केबल आली होती. या गच्चीवरून त्या गच्चीवर काळ्या तारा लोंबायच्या, त्यांच्याखालून त्या वाकून जात, त्यांची उंची जेमतेम पाच फूट असताना. रस्ता ओलांडायला कुणीतरी सोबत लागे. कुणी नसलं तर एखादी गाय निघेपर्यंत थांबत आणि गायीच्या पलीकडच्या बाजूनं जात. पोरं हसायची. त्या हसण्याचं मात्र त्यांना काही वाटत नसे.

साठीच्या होत्या. बायकांच्या कॉलेजात तीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं, भाऊ-भावजयीकडे राहत. अंगावर सुती सुंगुडी साडी, पायात रबरी चपला. आमच्याकडे बायका अंबाड्यात मोगरा माळतात, सक्कूबाईंच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असे. मऊ शिशाची, टोक काढून काढून बोटाएवढी राहिलेली. ती पेन्सिल हातात आली की समोरचा माणूस नीट बसे. मी तर बसेच.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला मी नोकरीला लागले. गल्लीच्या टोकाला एका भाड्याच्या घरात एक छोटी संस्था होती. दवाखाने, शाळा, वसतिगृहं यांची पाहणी करायची आणि अहवाल लिहून द्यायचा, असं काम. तेव्हा सगळ्यांनाच अहवाल हवे झाले होते. परदेशातून मदत यायची आणि मदतीबरोबर फॉर्म यायचे. चालक होते रंगराजन सर, चाळिशीचे, कडक इस्त्रीचे, सतत घाईत. सक्कूबाई आठवड्यातून तीन दिवस येऊन आकडे तपासत. मी बी.एस्सी. झालेली, टायपिंग येणारी. घरात बाबांचं आजारपण होतं, त्यामुळे ही नोकरी गेली तर काय, हा विचार सकाळ-संध्याकाळ माझ्यामागे असायचा. रंगराजन सरांनी नुसतं "इकडे या" म्हटलं तरी माझी पाचावर धारण बसायची.

पहिल्या दिवशी मिसनी मला विचारलं, "तू कुठल्या बसनं येतेस?"

"चालत येते, मिस."

"बरं. समज, सकाळी सात नंबरच्या बसमध्ये बसलीस, संध्याकाळी तीन नंबरच्या. सरासरी काय?"

मी घाबरले होते. घाबरलं की माणूस बेरीज करतो. मी म्हटलं, "पाच."

त्यांनी पेन्सिल अंबाड्यातून काढली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाच नंबरची बस कुठं जाते ठाऊक आहे का? स्मशानाकडे जाते." मग जराशा हसल्या. पण मला अजून आठवतं, त्यांचा हात थरथरत होता. चुकीची सरासरी ऐकली की त्यांचा हात खरोखरच थरथरे. मला वाटायचं वयामुळे. वयाचा काही संबंध नव्हता.

त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठंही पाहिली नाही. आकड्यांचा तक्ता समोर आला की एकही आकडा न वाचता त्या आधी प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर पेन्सिलीनं ठिपके लावत. दारात कोलम, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, घालताना आधी ठिपके मांडतात ना, तसे. एक ठिपका म्हणजे आकडा नुसतं नाव आहे, बसच्या नंबरासारखा. दोन ठिपके म्हणजे क्रम आहे, पण दोघांमधलं अंतर ठाऊक नाही. तीन म्हणजे अंतरं सारखी आहेत, पण शून्याला अर्थ नाही, जसा तापमापकातला शून्य. चार म्हणजे शून्य म्हणजे खरंच काही नाही, जसं तांदळाच्या मापात. आणि मग नियम. "एका ठिपक्याला मोज. दोन ठिपक्यांना ओळीत लाव. तीन ठिपक्यांना वजाबाकी कर. चार असले तरच म्हण, की हे त्याच्या दुप्पट." कुठली चाचणी लावायची, सरासरी घ्यायची की मीडियन, म्हणजे ओळीतला मधला आकडा, हे सगळं त्या ठिपक्यांवरून ठरे. ठिपके न लावता कुणी गणित सुरू केलं की म्हणत, "थांब गे. मज भय वाटतं."

त्या वर्षी नवरात्रात त्यांच्या घरी कोलू पाहायला गेले. कोलू म्हणजे आमच्याकडे नऊ दिवस पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात तो. वर देव, मग राजे आणि साधुसंत, खाली लग्नाची वरात, सगळ्यात खाली चेट्टियार वाण्याचं दुकान. मिसच्या सात पायऱ्या होत्या. सुंडलाची, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीची, वाटी माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "पहिल्या पायरीवर विष्णू, सातवीवर चेट्टियार. दोघांची सरासरी चौथी पायरी. चौथीवर कोण आहे बघ." चौथीवर मातीचा एक पोलीस होता. त्यांची भावजय खो खो हसली. मिस हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पायरीला नंबर आहे. पण पहिली आणि दुसरी यांच्यात वीतभर अंतर आहे, सहावी आणि सातवीत हातभर, कारण खाली दुकान मावायला हवं. नंबर हे सांगत नाही. नंबर गप्प बसतो." मी तेव्हा मान डोलावली आणि सुंडल खाल्लं.

मग ऑफिसात संगणक आला. वातानुकूलित खोली एकच, तीही त्याच्यासाठी. आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. रंगराजन सरांनी त्याला कुंकू लावलं, लिंबू ठेवलं. मिस दारातूनच पाहत होत्या. सरांनी आग्रह केला तेव्हा पदर बोटाला गुंडाळून त्यांनी एक कळ दाबली आणि हात मागे घेतला. मी त्यांना हौसेनं दाखवलं. रकाना निवडायचा, एक आज्ञा द्यायची, की मीन, मीडियन, सगळं एका दमात पडद्यावर.

"बसचे नंबर घाल," त्या म्हणाल्या.

मी सात आणि तीन घातले. पडद्यावर आलं, ५.००.

"हे विचारत नाही गे," त्या हळूच म्हणाल्या. "मी तरी विचारते. हे काहीच विचारत नाही."

रंगराजन सर मात्र त्या दोन शून्यांवर खूश होते. अहवालातला प्रत्येक आकडा दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरं असलाच पाहिजे, असा त्यांचा हुकूम निघाला. देणगीदारांना ते आवडे.

आता मुख्य गोष्ट सांगते. सांगायचं टाळत होते, हे कबूल करते.

दुसऱ्या वर्षी एका ट्रस्टचं काम आलं. त्यांची मुलींची अकरा वसतिगृहं होती, तंजावूरच्या आसपासच्या खेड्यांत. दिवाळीच्या पावसाआधी, आमच्याकडचा खरा पाऊस तोच, त्यांतल्या तीन इमारतींची दुरुस्ती करण्याएवढे पैसे होते. कुठली तीन, ते आम्ही सांगायचं. एका इंजिनिअरानं फिरून प्रत्येक इमारतीचा फॉर्म भरला. पाच गोष्टी, प्रत्येकीला दर्जा एक ते पाच. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे धोकादायक. नेमकी तेव्हा नवरात्राची गडबड, मिस दहा दिवसांच्या रजेवर. फॉर्म माझ्याकडे आले.

ओरत्तनाडूच्या पुढे एका खेड्यातलं वसतिगृह होतं. त्याचा फॉर्म मला अजून तोंडपाठ आहे. फरशी एक. स्वयंपाकघर एक. पाणी एक. संडास दोन. छत पाच.

अकरा फॉर्मांत तो एकच पाच होता. कुठल्या ओळीवर आहोत ते चुकू नये म्हणून मी टाइप करताना डाव्या हातातली कडक शिशाची पेन्सिल आकड्यावर टेकवून ठेवायची. त्या पाचावर माझी पेन्सिल थांबली. शेजारी इंजिनिअरानं तमिळमध्ये काहीतरी खरडलेलंही होतं, तुळईबद्दल. पण संगणकात शेऱ्याला रकाना नव्हता. मिस रजेवर. सरांना विचारावं तर ते म्हणणार, तुम्हाला पगार कशासाठी देतो. मग पाच टाइप केला आणि आज्ञा दिली. पडद्यावर आलं, २.००. दोन म्हणजे चांगलं. इतका बरा, गोल आकडा पाहून माझा जीव भांड्यात पडला. तो खरा कसा, हे मी स्वतःला विचारलं नाही.

ज्या तीन इमारतींत सगळीकडे तीन-तीन होते, म्हणजे नुसत्या जुन्या आणि कळकट, त्यांची सरासरी ३.०० आली. दुरुस्तीच्या यादीत त्या गेल्या. ओरत्तनाडूकडची इमारत 'चांगली' ठरली आणि तसं पत्र तिच्या वॉर्डनला गेलं.

नवरात्राच्या सातव्या दिवशी संध्याकाळी मी कोलूला गेले ती अहवालाची छापील प्रत घेऊनच. कौतुक करून घ्यायला. मिसनी चष्मा लावला, पानं उलटली. सुंडलाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली.

"ठिपके कुठं आहेत?"

"मिस, छापील अहवालात ठिपके कसे..."

"हा दोन कशाचा?"

मी सांगितलं. त्यांनी अंबाड्याकडे हात नेला, पण पेन्सिल धरता येईना, दोनदा हातातून निसटली. "मज सगळे फॉर्म आणून दे," त्या म्हणाल्या. "आत्ता आणून दे." ऑफिस उघडं होतं, मी धावत गेले आणि आणले. कोलूच्या पायऱ्यांसमोर जमिनीवर बसून त्यांनी एकेक फॉर्म पाहिला आणि ओरत्तनाडूच्या फॉर्मवर आल्या. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. भावजयीनं विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, "काही नाही. छत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरांच्या खोलीत. मिसना कधी नव्हे ते खुर्ची दिली सरांनी, पण त्या बसल्या नाहीत. तमिळमध्ये म्हणाल्या, दर्जांची सरासरी काढता येत नाही, यांना दोनच ठिपके आहेत.

सर हुशार होते, हे मान्य केलं पाहिजे. मागे रेलले आणि म्हणाले, "मिस, दोन ठिपके असले की मीडियन घ्यायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना? काढा. एक, एक, एक, दोन, पाच. मधला कोणता? एक. माझी सरासरी निदान दोन तरी म्हणते. तुमचा मीडियन म्हणतो, इमारत उत्तम आहे."

मी मिसकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

सर मऊ आवाजात म्हणाले, "मिस, राग मानू नका. तुम्हाला तारेचं भय, गायीवाचून रस्त्याचं भय, नारळाचं भय. तुम्ही सगळ्यालाच पाच देता. अहवाल गेला आहे. परत मागवला तर पुढचं काम मिळणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुमच्याकडूनही मला ही अपेक्षा नव्हती." मी एक शब्द बोलले नाही.

बाहेर गल्लीत मिस भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. "ते खरं बोलले गे," त्या म्हणाल्या. "माझा नियम पुरला नाही. तीस वर्षं शिकवला आणि आज पुरला नाही." मला वाटलं, आता या घरी जातील आणि गॅसचा नळ तपासतील. त्या तशाच उभ्या होत्या, ओठ हलत होते. मग एकदम म्हणाल्या, "अकरा छतांचा मीडियन काढता येतो. एका घरातलं छत आणि संडास यांचा काढत नाहीत. ते एका ओळीतले नव्हेतच. संडास चांगला आहे म्हणून छत थांबत नाही. ठिपक्यांच्याही आधी विचारायला हवं होतं, हे कशासाठी मोजलं. ते मी कधी शिकवलं नाही." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. चुकल्याचं होतं की भयाचं, मला कळलं नाही.

"ओरत्तनाडूची बस कुठून सुटते?" त्यांनी विचारलं.

सक्कूबाई मिस बसमध्ये बसल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. दाराजवळची जागा नको, पडू. ड्रायव्हरच्या मागची नको, समोरून कुणी धडकलं तर. शेवटी मधल्या बाकावर बसल्या, आणि तासभर त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. नंतर पाहिलं तर बोटांचे वळ उठले होते. आभाळ भरून आलं होतं. मला घरी काय सांगायचं याचं भय, नोकरीचं भय, आणि सगळ्यांच्या तळाशी त्या पाचाचं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

वसतिगृह कालव्याजवळ होतं. स्वच्छ, शेणानं सारवलेलं अंगण, घासून लखलखीत केलेली भांडी. फरशी खरोखरच एक नंबर. वॉर्डन अम्मा, धिप्पाड बाई, आमचं पत्रच घेऊन बाहेर आली. "तुमच्याच ऑफिसनं लिहिलंय चांगली म्हणून. आता काय?" मिस म्हणाल्या, झोपायची खोली दाखवा.

लांबलचक खोली. वर लाकडी तुळयांवर विटा बसवलेलं जुनं छत. मधल्या तुळईभोवती ओलीचा मोठा काळपट डाग. खाली चाळीसेक वळकट्या नीट रांगेत. दुपारची वेळ, मुली जेवून आलेल्या. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आमच्या मागे मागे आली आणि न विचारता म्हणाली, "रात्री पीठ पडतं."

"कसलं पीठ?" मिसनी विचारलं.

"वरून. माझ्या तोंडावर. मी टॉवेल घेऊन झोपते."

मी छताकडे पाहू शकले नाही. पाहिलं तर पडेल, असं काहीतरी वाटत होतं. मिस वॉर्डनला म्हणाल्या, मुलींना आजपासून जेवणाच्या शेडमध्ये झोपवा. वॉर्डन म्हणाली, शेडमध्ये ओल येते, मुली आजारी पडल्या तर ट्रस्ट मला विचारेल. कागद आणा. कागदावर लिहिलंय चांगली, तर मी कशी हलवू. तिचंही चुकत नव्हतं. तिलाही नोकरी होती.

मिसनी कोपऱ्यातली लाकडी खुर्ची उचलली. मी घ्यायला पुढे झाले तर मला हातानं मागे सारलं. खुर्ची त्यांनी बरोबर त्या काळ्या डागाखाली ठेवली आणि बसल्या. मांडीवरची छत्री घेतली आणि उघडली.

आधी मुली फिदीफिदी हसल्या. खोलीत, छत्री उघडून बसलेली म्हातारी. दारात गर्दी झाली. मिसनी छत्रीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. वॉर्डन म्हणाली, "उठा मिस, काय हे."

"मज भय वाटतं," मिस मराठीतच म्हणाल्या. मग तमिळमध्ये म्हणाल्या, "फार भय वाटतं मला. पण मुली जाईपर्यंत मी उठणार नाही."

मग त्या पीठवाल्या मुलीनं वर पाहिलं. छत्रीच्या टोकाच्या सरळ रेषेत वर. तिचं पाहून शेजारचीनं पाहिलं. हळूहळू हसू थांबलं आणि सगळ्या दारातून वर बघायला लागल्या. सगळ्यांत शेवटी वॉर्डन अम्मानं पाहिलं. एवढ्या वर्षांत तिनं ती फरशी रोज दोनदा पुसून घेतली असेल. मग ती म्हणाली, "वळकट्या उचला." मुली एकेक करून वळकटी काखोटीला मारून निघाल्या. शेवटची बाहेर पडली तेव्हा मिस उठल्या, आणि दारापर्यंत येता येता मटकन खाली बसल्या. मी पाणी आणलं.

परतीच्या बसमध्ये अंधारून आलं होतं, पाऊस सुरू झाला होता. मिसनी पुढे बघत विचारलं, "तो पाच तू पाहिला होतास का गे?"

"नाही मिस," मी म्हटलं. "भरभर टाइप करत होते. लक्षातच आलं नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

छत पडलं नाही. हे सांगितलंच पाहिजे, कारण गोष्ट सांगताना ते पाडायचा मोह होतो. चार दिवसांनी वॉर्डननं स्वतःच्या ओळखीनं गवंडी बोलावला आणि आम्हालाही निरोप धाडला. गवंडी शिडीवर चढला, मधल्या तुळईला त्यानं अंगठा लावला आणि दाबला. अंगठा आत गेला. लोण्यात जावा तसा मुळापर्यंत गेला. त्यानं मूठभर भुसा काढून आम्हाला दाखवला, वाळवीनं आत काही ठेवलंच नव्हतं. वॉर्डन भिंतीला टेकली. तिनं विचारलं, हे कधी पडलं असतं? गवंडी म्हणाला, देवाला ठाऊक.

मी मिसकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी यांना बरं वाटेल. त्या आणखीनच घाबरलेल्या दिसत होत्या. मला म्हणाल्या, "उद्या पडलं असतं की दहा वर्षांनी, मज ठाऊक नाही. चार आणि पाच यांच्यामध्ये किती अंतर आहे हे कुणालाच ठाऊक नसतं गे. म्हणून तर तो पाच कशात मिसळायचा नाही." मग म्हणाल्या, "आणि दुसरी दहा घरं? तिथं चार कुठं कुठं आहेत?"

त्यांनी घरी बसून अकराही फॉर्म पुन्हा पाहिले. रंगराजन सरांनी यादी गुपचूप बदलली, ओरत्तनाडूचं नाव वर घेतलं. याबद्दल ऑफिसात कुणी कधी बोललं नाही. पुढच्या अहवालांत सरासऱ्या तशाच येत राहिल्या, दोन दशांशांसकट. पोंगलनंतर सर म्हणाले, आता संगणक आहे, मिसना उगीच त्रास नको. मिस यायच्या बंद झाल्या. मी त्या खोलीतच होते तेव्हा. मी मान खाली घालून टाइप करत राहिले. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर दीड वर्षानं माझं लग्न ठरलं, पुण्याचं स्थळ. निघायच्या दिवशी स्टेशनवर अख्खी गल्ली लोटली होती. गर्दीच्या मागे, फलाटाच्या कडेपासून जितकं लांब राहता येईल तितक्या लांब, एका खांबाला पाठ लावून सक्कूबाई मिस उभ्या होत्या. मी धावत गेले, वाकून नमस्कार केला. त्यांनी एक लिफाफा हातात दिला. मला वाटलं आहेर.

आत तो फॉर्म होता. ओरत्तनाडूचा, मूळ. वरच्या कडेला त्यांचे दोन ठिपके, नेहमीचे, हलके, मऊ शिशाचे. आणि खाली छताच्या ओळीत, पाचाच्या पोटात, तिसरा एक ठिपका. कडक शिशाचा, इतका दाबलेला की कागद मागून उचलला गेला होता. बाकीच्या आकड्यांवर टेकवल्याच्या नुसत्या पुसट खुणा होत्या. याच्यावर पेन्सिल किती वेळ थांबली होती, ते आंधळ्याला बोटानंही कळलं असतं.

मी म्हटलं, "पाहिला होता, मिस. मी पाहिला होता. मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे गे. कोलूसमोर बसले होते तेव्हाच पाहिलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू आधीच किती भ्याली होतीस. आणखी भिववून काय करू?" त्यांनी माझा पदर नीट केला. "तुझा हात थांबला होता. बरोबर ठिकाणी थांबला होता. पुढच्या वेळी हात थांबला की तूही थांब, इतकंच. म्हणून तर तुज बरोबर नेलं. तो पाच पाहिलेलं दुसरं कुणी नव्हतं, आणि एकटीनं जायला मज भय वाटत होतं."

गाडीची शिट्टी झाली. मला कुणीतरी ओढून डब्यात चढवलं. खिडकीतून मान बाहेर काढली तेव्हा सगळे हात हलवत होते. मिस खांबापाशीच होत्या. फलाटाचं छप्पर जुन्या पत्र्याचं होतं, वारा सुटला होता, वर कुठंतरी पत्रा वाजत होता. त्यांनी माझ्याकडे बघता बघता छत्री उघडली, आणि मग मान वर केली.